बस्तीमागचा कट्टा

जयपाल मगदूमला साताऱ्यात नोकरी लागली तेव्हा गावाला दोनच गोष्टी कळल्या. एक, नोकरी सरकारी आहे. आणि दोन, ती पाखरांची आहे. पाखरं आधी मारावी लागतात ही मधली गोष्ट जयपालनं पोटात ठेवली.

गाव कवठे महांकाळच्या पलीकडं, माळावरचं. निम्मी वस्ती जैन शेतकऱ्यांची. तिथं फडक्यातनं गाळल्याशिवाय पाणी कुणी पीत नाही, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात आणि मुंग्यांची रांग दिसली तर माणूस वळसा घालून जातो. कांदा तर घरातच येत नाही, त्यामुळं नाकानं कांदे सोलणाऱ्यांचीही तिथं पंचाईतच. अशा गावात जयपालची आई चंद्राबाई विहिरीवर बायकांना सांगायची, "माझा ल्योक पाखरांच्या खात्यात हाय. कुठल्या पाखराला काय खायाला मिळतं, कोन उपाशी ऱ्हातं, समदं बघतो. सरकारला बी आता दया आली म्हनायची."

दया कसली! दुसरी मोठी लढाई नुकती संपली होती, धान्य रेशनवर होतं आणि आमचा जोंधळा पाखरंच फस्त करतात म्हणून शेतकरी बोंबलत होते. तेव्हा साताऱ्यात एक पाहणी निघाली. कुठलं पाखरू दाणे खातं, कुठलं किडे खातं, शेताचं वैरी कोण आणि सोयरं कोण, हे एकदाचं ठरवायचं. आता पाखराला हे विचारायची साहेब लोकांना एकच रीत ठाऊक होती. ते मारायचं, पोट उघडायचं आणि आत बघायचं.

जयपाल सांगलीच्या कॉलेजातून पदवी घेऊन आलेला. शंभर पाखरांची लॅटिन नावं त्याला तोंडपाठ होती. पण त्यातलं एकही त्यानं कधी हातात धरलं नव्हतं. ऑफिसात त्याला शिकवायला होते नाथाजी हवालदार. खटावकडचे मराठा गडी, पलटणीतून सुटून आलेले, मिशीला पीळ आणि जिभेला त्याहून जास्त. पहिल्या दिवशी त्यांनी एक मेलेली साळुंकी जयपालच्या पुढ्यात टाकली आणि म्हणाले, "सोला."

जयपाल बाहेर जाऊन ओकला. हवालदारांनी त्याला चूळ भरायला तांब्या दिला आणि परत टेबलाशी आणून बसवलं. "व्हतंय मास्तर, व्हतंय. म्या पयल्यांदा मानूस पडलेला बघितला तवा दोन दिस जेवलो न्हवतो. आता बघा, मटनाचा रस्सा लागतो."

काम नाजूक होतं. पोटाशी बारीक चीर द्यायची, पीठ भुरभुरत कातडं उलटं करत न्यायचं, पीस मोडता कामा नये. मग कीड लागू नये म्हणून आतून सोमलाचा विषारी साबण लावायचा, कापूस भरायचा आणि पाखरू झोपल्यासारखं निजवायचं. दाणे ज्या पिशवीत साठतात ती गळ्याखालची पिशवी दोऱ्यानं बांधायची, न उघडता स्पिरिटच्या बाटलीत टाकायची आणि कुठं मारलं ते वर चिकटवायचं. दिवाळीपर्यंत जयपालचा हात असा बसला की हवालदार कौतुकानं बघत राहायचे. जयपालला मात्र एका गोष्टीची मनातल्या मनात फार लाज वाटायची. किळस येत होती तोवर ठीक होतं. आता त्याला ते काम आवडायला लागलं होतं.

अडत होतं बंदुकीपाशी. चाप ओढायच्या क्षणी त्याचे डोळे आपोआप मिटायचे आणि छर्रे आभाळात जायचे.

"आवं मास्तर," हवालदार कपाळाला हात लावायचे, "पाखराला मारताय का देवाला हात जोडताय?"

मुख्य साहेब होते साठ्ये. पुण्याचे, बोलायला कमी आणि कामाला कडक. त्यांनी सगळ्या उमेदवारांना आधीच बजावलं होतं. थंडी सरायच्या आत ज्यानं त्यानं आपल्या हातानं मारलेली, आपल्या हातानं सोललेली पाखरं टेबलावर ठेवायची. ज्याची नसतील त्यानं घरी जायचं. "दुसऱ्यानं मारलेलं पाखरू म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला पेपर," ते म्हणाले होते. "आणि एक लक्षात ठेवा. पाखरू खोटं बोलत नाही. खोटं बोललात तर तुम्हीच बोलाल."

घरी जायचं म्हणजे चुलत्याच्या अडत दुकानात जन्मभर तागडी धरायची. चुलता तर आधीपासून म्हणत होताच की पाखरांच्या मागं कुणाचं पोट भरलंय का. जयपालला तागडी नको होती. त्याला हीच विद्या हवी होती. माळावर कोण कुणाला खातं, कोण कुणाच्या जिवावर जगतं, हे गूढ त्याला लहानपणापासून खुणावत होतं. आणि ती विद्या आता एका चापाशी येऊन अडकली होती.

संक्रांतीला गावी निघताना त्यानं ऑफिसची बंदूक वळकटीत गुंडाळून घेतली. हवालदार स्टेशनापर्यंत आले. निघताना म्हणाले, "रानातलं पाखरू मानसाला वळखतं. जिथं ते मानसाला भीत न्हाई तिथं जावा. जवळनं मारा. डोळं मिटलं तरी लागंल."

मिरजेला गाडी बदलून जयपाल छोट्या गाडीत बसला आणि घरापर्यंत एकाच जागेचा विचार करत आला. पाखरं माणसाला भीत नाहीत अशी एकच जागा त्याला ठाऊक होती. ती मनात आली तेव्हा त्यानं मान झटकली. पण आलेला विचार काही खाली उतरला नाही, तोही त्याच्याबरोबर गावापर्यंत आला.

गावातल्या जैन देवळाला बस्ती म्हणतात. बस्तीमागं एक दगडी कट्टा होता. पूजेत देवाला वाहिलेले तांदूळ जैनाच्या घरात शिजत नाहीत. त्यातले थोडे बस्तीचे पुजारी उपाध्ये चंद्राबाईच्या ताटलीत घालायचे आणि ती ते कट्ट्यावर पाखरांना टाकायची. केशराच्या पाण्यात पिवळे केलेले तांदूळ. महागाईत केशराच्या जागी हळद आली होती, पण पिवळेपण तेच. जयपालचे वडील गेले त्या सालापासून तिनं हा नेम एक दिवस चुकवला नव्हता. "या रं लेकरांनू, या," अशी ती लांबट हाक मारायची, आणि पिंपळावरनं, शिखरावरनं होले उतरायचे. कबुतराहून लहान, तपकिरी अंगाचे, मानेवर ठिपक्यांची पट्टी असलेले, गरीब तोंडाचे होले. तिच्या पायाच्या बोटांपाशी टिपत बसायचे. पाखरं जेवली की मग ती घरी येऊन तोंडात घास घालायची.

जयपाल येऊन तिसरा दिवस. शेजारच्या गावी मुनिमहाराज आले होते आणि उपाध्यांसकट सगळी जैन वस्ती प्रवचनाला निघाली होती, बाकीचं गाव रानात कामाला होतं. चंद्राबाईनं नव्या लुगड्याचा पदर सावरत ताटली जयपालच्या हातात दिली.

"आज तू टाक बाबा. मला यायाला दुपार हुईल, तवर बिचारी वाट बघत बसतील. माझ्यावानी हाक मार म्हंजी येतील. तू तर त्यांच्याच खात्यातला."

जयपाल "व्हय" म्हणाला.

पुढचं त्यानं कसं केलं हे त्याला नंतर कधी नीट आठवायचं नाही, आणि विसरताही यायचं नाही. त्यानं तांदूळ टाकले. आईच्या आवाजात हाक मारली. होले उतरले. तो पडक्या भिंतीआड गेला, तिथं कडब्याखाली त्यानं आणून ठेवलेली बंदूक होती. पाखरं निवांत टिपत होती, एकमेकांना सरकून जागा देत होती. ती एका जागी गोळा व्हावीत म्हणून तो थांबला. या वेळी डोळे मिटले नाहीत.

आवाजानं पिंपळ रिकामा झाला. कट्ट्यावर जी राहिली ती राहिली. एक होला पंख ओढत बस्तीच्या पायरीपर्यंत गेला. जयपालनं त्याला उचलून श्वास थांबेतो छातीवर अंगठा दाबला, हवालदारांनी शिकवलं होतं तसा. मग बस्तीच्या घागरीतलं पाणी घेऊन कट्टा धुतला. धुऊन झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की ते पाणी गाळलेलं होतं. पाण्यातला अदृश्य जीव मरू नये म्हणून गाळलेल्या पाण्यानं त्यानं होल्यांचं रक्त धुतलं होतं.

शेतातल्या खोपीत बसून त्यानं पाखरं सोलली. गळ्याखालच्या पिशव्या टच्च भरलेल्या लागल्या. त्यानं नियमाप्रमाणं त्या न उघडता बांधल्या आणि बाटलीत टाकल्या. वर लिहिलं, गावाबाहेरचा माळ. एक पीस मोडलं नव्हतं. एवढं सुरेख काम त्यानं साताऱ्यातही केलं नव्हतं, आणि आत कुठंतरी तो खूश झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. शिकलेलं माणूस किती मूर्ख असू शकतं बघा. त्या पिशव्यांत काय असणार हे गावातल्या पोरानंही सांगितलं असतं. पण जयपालचं सगळं ध्यान चापाकडं होतं, होल्यानं काय खाल्लं याच्याकडं नव्हतंच, आणि पगार मात्र त्याला त्याचाच मिळत होता.

दुपारी आई आली. "आली रं पाखरं?" तिनं विचारलं.

"आली," जयपाल म्हणाला. ते खोटं नव्हतं.

साताऱ्यात साठ्येसाहेबांनी कातडी उजेडात धरून पाहिली आणि पहिल्यांदाच "वा" म्हणाले. हवालदारांची छाती तर आपलंच पोर पास झाल्यासारखी फुगली. मग साहेबांनी बाटलीतली पिशवी काढून पांढऱ्या बशीत कापली.

बशीत पिवळे तांदूळ पडले.

साहेबांनी चिमटीत एक दाणा धरला. दुसरी पिशवी कापली. पुन्हा पिवळे तांदूळ. "माळावर तांदूळ?" ते म्हणाले आणि हसले. "हे होले काय कुणाच्या लग्नाला गेले होते, मगदूम?"

सगळं ऑफिस हसलं. जयपालच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बशीतले दाणे त्याला ओळखत होते. घरचं माणूस परक्या गावात भेटावं तसे समोर बसले होते. तोंड उघडलं आणि आयतं पुढं आलेलं खोटं तो बोलून गेला. "व्हय साहेब. वऱ्हाड गेलं असंल माळावरनं. अक्षता सांडल्या असतील."

"पौषात लगीन?" हवालदार मोठ्यानं म्हणाले. "कुठलं खुळं गाव म्हनायचं हे?" आणि हसता हसता त्यांची नजर जयपालच्या चेहऱ्यावर गेली. त्यांचं हसणं तिथंच विझलं. त्यांनी बशीकडं पाहिलं, पुन्हा जयपालकडं पाहिलं आणि खिडकी उघडायला म्हणून उठले.

साहेबांना पंचांगाशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी मान हलवली, धान्य खाणारा असा होल्यापुढं शेरा मारला आणि जयपालला कायम केलं. संध्याकाळी हवालदार त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, जवळनं मारा असं म्याच म्हनलो हुतो. कुठं मारली ते म्या इचारनार न्हाई." त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर जयपालला रात्री झोप लागली असती.

नोकरी कायम झाली म्हणून माघात तो कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन गावी आला. आई ओसरीवर बसली होती. गालफडं बसली होती, हातांच्या काड्या झाल्या होत्या. तिनं पुडा डोळ्यांना लावला, देवापुढं ठेवला. पण पेढा तोंडात घातला नाही.

"गोड सोडलंय," ती म्हणाली. "एकदाच जेवतो आता. पाखरं येईपतोर."

"येईपतोर म्हंजी?"

"येत न्हाईत रं. संक्रांतीपास्नं कट्ट्याकडं एक बी फिरकलं न्हाई. रोज हाक मारतो, तांदूळ तसंच ऱ्हातंय. उपाध्ये म्हनले, रेशनचा तांदूळ जुना असंल. पन पाखरू जुनं-नवं बघतंय व्हय? माझ्याच हातनं काय तरी पाप घडलंय." तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, अगदी भरवशानं. "तू शिकलेला. त्यांच्या खात्यातला. तूच सांग, माझं काय चुकलं?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणूस म्हणतो ते कधी, हे जयपालला त्या ओसरीवर कळलं. साहेबाला खोटं सांगताना जीभ लगेच वळली होती. पण आईच्या वाळलेल्या हातांकडं बघत आणखी एक खोटं बोलण्याइतका निर्ढावलेला तो नव्हता, एवढं तरी त्याच्या बाजूनं म्हणायला पाहिजे.

"तुझं काय चुकलं न्हाई, आई. म्या मारली."

तिला आधी उमजलंच नाही. "कुनाला?"

"व्हल्यास्नी. बंदुकीनं. कट्ट्यावर. तू परवचनाला गेलीस तवा."

देवापुढच्या पेढ्यावर मुंगी चढत होती, एरवी चंद्राबाईनं ती हळूच फुंकरीनं बाजूला केली असती.

"म्या हाक मार म्हनलं हुतं," ती म्हणाली.

"मारली."

"माझ्यावानी?"

"व्हय."

"आनि आली?"

"आली."

चंद्राबाईनं पदर तोंडाला लावला. रडली नाही. थोड्या वेळानं पदराआडून म्हणाली, "मारायचीच हुती तर तुझ्या आवाजात हाक मारायची हुतीस. माझ्या आवाजात कशापायी?"

जयपाल खाली मान घालून बसून राहिला आणि दिवस मावळायच्या आत त्याला जेव म्हणून कुणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी तो साताऱ्याला परतला आणि सगळ्या ऑफिसादेखत त्यानं साठ्येसाहेबांना खरं काय ते सांगितलं. साहेब रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ती पाखरं कपाटातून काढली. एकेकाकडं बघत म्हणाले, "काम फार छान आहे. आणि काडीच्या उपयोगाचं नाही. माळावरचा होला बहुतेक तणाचं बी खातो, असं मला वाटत होतं. तुमच्या या पाखरांवरून मी त्याला धान्याचा चोर ठरवला. कागद वर गेला असता तर पुढल्या हंगामात सगळीकडं होले मारायचा हुकूम निघाला असता, मगदूम. तुमच्या आईनं वाढलेल्या जेवणाबद्दल."

जयपालला वाटलं, आता तागडी. पण साहेबांनी बंदूक जमा करून घेतली, नोकरी पुन्हा तात्पुरती केली आणि म्हणाले, "गावी जा. त्या कट्ट्यापाशी बसा. पाखरं परत येतात का, कधी येतात, आधी कोण येतं, किती लांब बसतं, बघून या. मारणं शिकलात. बसणं शिकला नाहीत."

शिक्षा म्हणावी तर यापेक्षा मोठी शिक्षा नव्हती. गावात बातमी पोचली होती. रोज सकाळी बस्तीत येणारी माणसं कट्ट्यापलीकडं भिंतीला टेकून बसलेल्या जयपालला बघून पुढं जायची. कुणी वाईट बोललं नाही. एकदा चुलता येऊन उभा राहिला, "काय रं, पाखरांच्या खात्यातलं," एवढंच म्हणाला आणि देवदर्शनाला गेला. चंद्राबाई ताटली घेऊन यायची, तांदूळ टाकायची, हाक मारायची आणि पायरीवर बसायची. लेकाशी बोलायची नाही. घरी त्याला वाढायची, पण वाढताना त्याच्या हाताकडं बघायची नाही. तिचं स्वतःचं अजून एकदाच जेवण होतं. एक होला कट्ट्यावर येईल तर ती पेढा खाईल, एवढं साधं मागणं घेऊन जयपाल भिंतीशी बसायचा.

आधी चिमण्या आल्या. मग खारी आल्या आणि तांदूळ पळवून गेल्या. होले पिंपळाच्या शेंड्यावर दिसायला लागले. हाक ऐकली की मान वाकडी करायचे आणि उडून जायचे. जयपाल न हलता बसायला शिकला. पायाला मुंग्या आल्या तरी पाय न ओढायला शिकला. होळी जवळ आली, पिंपळाची पानं गळून पालवी फुटली.

आणि एका सकाळी एक होला खाली आला. एकटाच. कट्ट्याच्या कडेवर उतरला, मान आत-बाहेर करत थांबला, दोन पावलं चालला, पुन्हा थांबला. पायरीवर चंद्राबाईनं ताटली हळूच खाली ठेवली. होल्यानं एक पिवळा दाणा टिपला. मग दुसरा.

जयपालच्या डोळ्यांत पाणी आलं. मनात देवाचं नाव आलं. आणि त्याच वेळी, त्याला न विचारता, डोक्यानं अंतर मोजलं. बारीक छर्रा. वारा नाही. मान खाली आहे, आत्ताच. मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताचं पहिलं बोट हळूच आत वळलं होतं.

त्यानं दचकून वर पाहिलं. होला टिपत होता. पण चंद्राबाई होल्याकडं बघत नव्हती. इतक्या दिवसांनी आलेल्या पाखराला सोडून ती त्याच्या बोटाकडं बघत होती.

जयपालनं तो हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसून राहिला. होल्याचं खाऊन होईतो त्यानं तो बाहेर काढला नाही.